विद्यार्थ्यांना सापडेल असं लिहू या: शिष्यवृत्ती, जीआर आणि आपली मथळ्यांची हौस

मागच्या जूनमध्ये रात्री साडेअकराला एक मेसेज आला. 'ताई, हे खरं आहे का?' खाली एका परिपत्रकाचा फोटो होता. कागद घडी घालून खिशात ठेवलेला, मग उलगडून मोबाईलवर टिपलेला. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी ३० तारखेपर्यंत अर्ज सादर करावेत, एवढं वाचता येत होतं. महिना आणि वर्ष घडीत गेलं होतं. वरचा भाग, जिथे विभागाचं नाव आणि जावक क्रमांक असतो, तो कुणीतरी कापून टाकला होता. व्हॉट्सअॅपने त्यावर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का मारला होता.

मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. तिला फोटो मैत्रिणीने पाठवलेला, मैत्रिणीला गावाच्या ग्रुपवरून आलेला. मूळ परिपत्रक शोधायला मला पाऊण तास लागला, आणि असं काही शोधणं हे माझं रोजचं काम आहे. ते दोन वर्षांपूर्वीचं निघालं. तसं कळवलं. तिने लिहिलं, 'बरं झालं ताई. उद्या पप्पा कामाचा खाडा करून तहसीलला जाणार होते, दाखल्यासाठी.'

एका माणसाची एका दिवसाची मजुरी वाचली, इतकंच. पण तो फोटो किती घरांत गेला असेल आणि त्यातल्या कितींना रात्री साडेअकराला विचारायला कुणी असेल? विचारायला माणूस असावा लागतो. आपली सगळी अडचण तिथे आहे.

ज्यांच्या घरातल्या तीन पिढ्या कॉलेजात गेल्या, त्यांना माहिती शोधावी लागत नाही. ती त्यांच्या ताटात वाढून येते. मामा विद्यापीठात असतो, आत्येभाऊ जर्मनीत, वडिलांचे मित्र मंत्रालयात. कुठला कागद आधी काढायचा, अर्ज साधारण कधी निघतो, कुणाला फोन करायचा हे सगळं बोलता बोलता कळतं आणि पुढे त्यालाच हुशारी म्हणतात. आपल्या मुलांना यातलं एकेक वाक्य बाहेरून गोळा करावं लागतं. झेरॉक्सवाल्याकडून, महा ई-सेवा केंद्रातल्या पोराकडून, वरच्या वर्गातल्या दादाकडून. आता मोबाईलमधून. मला स्वतःला परीक्षा फी माफ होऊ शकते हे शेवटच्या वर्षाला कळलं, कारण ऑफिसबाहेरच्या काचेच्या फळ्यावर नोटिसा एकावर एक टाचलेल्या असायच्या आणि सगळ्यात खालची वाचायची तर कुलूप उघडायला शिपाई लागायचा.

त्यामुळे 'सगळं इंटरनेटवर आहे की' असं कुणी म्हटलं की मला महाड आठवतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. कागदावर तळं खुलं होतं. पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. तुलना फार ताणायची नाही, सरकारी संकेतस्थळावर कुणी काठ्या घेऊन उभं नसतं. पण 'आहे' आणि 'मिळतं' या दोन शब्दांतलं अंतर आपल्याला कुणी शिकवायला नको.

नावांपासून सुरुवात करू. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवण्याचा खर्च देणाऱ्या महाराष्ट्रात तीन योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात, म्हणजे पुण्यात खोली करून शिकायचं की गावी परत जायचं हे या पैशांवर ठरतं. आता मोबाईलवर 'आधार योजना' असं टाका. मी टाकलं तेव्हा आधार कार्ड आलं. 'स्वयम' टाकलं की केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रम येतात. 'स्वाधार' टाकलं तर संकटग्रस्त महिलांसाठीच्या स्वाधार गृहांची माहिती मध्ये येते. ज्याने ही नावं ठेवली, त्याच्या मनात ती शोधणारी मुलगी नव्हती एवढं नक्की.

कागदपत्रांच्या नावांची तऱ्हा याहून वाईट. मुलं म्हणतात 'नॉन-क्रिमीलेयर'; शासनाच्या मराठीत ते उन्नत आणि प्रगत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र असतं. मुलं म्हणतात 'डोमिसाईल'. शासन म्हणतं वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र. मुलं 'व्हॅलिडिटी' म्हणतात, शासन जात वैधता म्हणतं आणि वडीलधारे 'पडताळणी'. 'फ्रीशिप' हा शब्द तर निम्म्या मराठी कागदांत सापडायचा नाही. त्यात निम्मी मुलं मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. ज्या पानावर फक्त शासकीय शब्द आहे, ते पान त्या मुलांपुरतं नसल्यातच जमा. आणि ज्या पानावर फक्त बोलीतला शब्द आहे, त्यावरून अर्जातला रकाना ओळखता येत नाही. दोन्ही शब्द हवेत, शेजारी शेजारी.

महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्यांची आणखी एक गंमत. नांदेडचा मुलगा हैदराबादला शिकायला जातो. नांदेडहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, त्यामुळे अशी मुलं पुष्कळ. तो इंग्रजीत 'अनुसूचित जाती शिष्यवृत्ती' शोधतो आणि त्याच्यासमोर तेलंगणाचं ई-पास येतं. तिथे तो अर्ज भरायला बसतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला त्याच्या मूळ राज्याकडून मिळते, शिक्षण कुठल्याही राज्यात चालू असो. म्हणजे त्याचं दार महाडीबीटीचं. हे एक वाक्य त्याला वेळेवर सापडलं तर वर्ष वाचतं. अडीच लाख रुपयांची उत्पन्न मर्यादा असलेली, १९४४ पासून चालत आलेली ही योजना. म्हणजे आता आजोबा-पणजोबांच्या वयाची झाली आणि तरी ती नातवाला शोधावी लागते.

शासन निर्णयांबद्दल एक उपयोगाची गोष्ट सांगते, कारण मलाही ती उशिरा कळली. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरच्या जीआरला एक लांबलचक सांकेतांक असतो, १८ आकड्यांचा, आणि फाईलचं नावही तेच असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी कचरा आकडा. पण त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. शेवटचे दोन विभागाचे. म्हणजे कुणी जीआरची मूळ फाईल पाठवली, तर ती न उघडताही नावावरून तारीख वाचता येते. त्या जूनच्या फोटोऐवजी मूळ फाईल फिरली असती, तर मुलीच्या वडिलांना कुणाला विचारायची गरज पडली नसती. पण फाईल जड, डाऊनलोडला डेटा जातो, फोटो हलका. म्हणून फोटो फिरतो. आणि फोटोतली अक्षरं शोधून सापडत नाहीत, कॉपी होत नाहीत, अंध विद्यार्थ्याच्या मोबाईलला वाचता येत नाहीत.

कधी कधी ओळ सापडली नाही म्हणून वर्षच नव्हे, विषयच जातो. केंद्राची अनुसूचित जाती व इतर काही समूहांसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, दरवर्षी १२५ जागा. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत एक अट घातली गेली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताबद्दलचं सामाजिक संशोधन या विषयांसाठी ती मिळणार नाही. जात हा विषय घेऊन परदेशात शिकायला निघालेल्यांच्या दारालाच ही कडी. त्या अटीवर तेव्हा बराच आवाज झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण ती होती कुठे, तर इंग्रजी पीडीएफच्या पोटातल्या एका ओळीत. विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात घेऊन मग ती ओळ वाचणारा मुलगा आणि अर्ज करण्याआधी वाचणारा मुलगा यांच्यात हुशारीचा फरक नाही.

इथपर्यंत सरकारला बोलून झालं. ते सोपं असतं. आता आपल्याकडे वळते.

या स्तंभात आम्ही जात वैधता प्रमाणपत्रावर एक चांगला लेख छापला होता. मेहनतीने लिहिलेला. मथळा होता 'कागदांच्या चक्रव्यूहात'. परदेश शिष्यवृत्तीवरच्या लेखाचा मथळा होता 'उंबरठ्यापलीकडचं आकाश'. दोन्ही मीच दिलेले, आणि देताना मला ते फार आवडले होते. आता मला सांगा, व्हॅलिडिटीची तारीख आठ दिवसांवर आली असताना कुठली मुलगी 'चक्रव्यूह' असं टाइप करेल?

त्या लेखात एक मुद्दा असा होता की अनेक घरं त्यावर अडतात. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागितला जातो. विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा म्हणजे बहुधा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर? पहिल्या पिढीच्या पदवीधराचे आजोबा शाळेत गेलेले नसणार हे उघड आहे, तरी व्यवस्था तोच कागद आधी मागते. अशा वेळी गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४, तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधाव्या लागतात. हे सगळं आमच्या लेखात होतं. नवव्या परिच्छेदात. त्याआधीचे आठ परिच्छेद व्यवस्थेवरच्या संतापाचे होते. संताप खरा होता. पण ज्या मुलीला गाव नमुना १४ हा शब्द हवा होता, ती दुसऱ्या परिच्छेदात निघून गेली असणार.

चळवळीचं बाकीचं लेखनही असंच आहे. फेलोशिपवर दोन तासांचं ऑनलाइन व्याख्यान होतं, त्यातलं कामाचं वाक्य तासाभराने येतं आणि खाली मिनिटाची नोंद नसते. परिपत्रकाचा सारांश कुणी कळकळीने व्हॉइस नोटमध्ये सांगतो. आवाज शोधता येत नाही. चांगली टिपणं बंद ग्रुपमध्ये पडून राहतात आणि ग्रुप चालवणाऱ्याचा मोबाईल बदलला की जातात. आपण पुष्कळ लिहितो, रात्र रात्र जागून लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी ते विहिरीत टाकतो.

बाबासाहेबांच्या लेखनाचंही आपण तेच केलंय, हे लिहिताना वाईट वाटतं. त्यांच्या महापरिनिर्वाणाला ६० वर्षं झाल्यावर, १ जानेवारी २०१७ पासून, त्यांचं मूळ लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त झालं. (अनुवादांचं तसं नाही, अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, हे विसरून पुस्तकंच्या पुस्तकं चढवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.) महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या इंग्रजी खंडांच्या पीडीएफ परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही आहेत. म्हणजे मिळतात. पण फाईलच्या नावात खंडाचा क्रमांक, बस्स. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हवं असेल तर ते बाराव्या खंडात आहे, 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' पहिल्यात, 'शूद्र पूर्वी कोण होते' सातव्यात, हे आधी माहीत असावं लागतं. ज्याला माहीत आहे त्याला शोधायची गरज नसते, हाच तर घोळ.

उलट उदाहरणही आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्राध्यापक फ्रान्सिस प्रिचेट यांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ठेवलं आहे, भागवार, परिच्छेदांना क्रमांक देऊन, टिपांसह. फोटो नव्हे, अक्षरं. त्यामुळे जगातला कुठलाही विद्यार्थी एक वाक्य शोधू शकतो आणि ते कुठे आहे हे दाखवू शकतो. फार मोठं तंत्रज्ञान नाही त्यात. कुणीतरी बसून केलेलं काम आहे. अठराव्या खंडाच्या तीन भागांत बाबासाहेबांची मराठी भाषणं आहेत, आपल्या आज्या-पणज्यांनी मैदानात बसून ऐकलेली. त्यांतलं एकेक भाषण तारीख, गाव आणि विषय यांवरून सापडलं पाहिजे. हे काम आपल्याकडच्या मराठीच्या एमए झालेल्या मुलामुलींचं आहे आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही.

तोपर्यंत काय फिरतं? निळ्या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांचा फोटो आणि एक वाक्य. खाली खंड नाही, पान नाही, तारीख नाही. आपली मुलगी ते वाक्य विश्वासाने प्रबंधात घालते. तोंडी परीक्षेत समोरचा विचारतो, हे कुठलं? आणि ती गप्प. समोरच्याला तिचं गप्प होणं हवंच असतं. ते वाक्य बाबासाहेबांचं असेल किंवा नसेल. तिच्या हातात पत्ता न देता ते पाठवणाऱ्या आपण सगळ्यांनी तिला तिथे एकटं उभं केलं. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला पुस्तकांचे स्टॉल लावणारे यापेक्षा शहाणे असतात. पोरगा येऊन म्हणतो, 'ते जातीवरचं बाबासाहेबांचं छोटं पुस्तक', आणि दुकानदार न बघता नेमकं पुस्तक काढून देतो. गिऱ्हाईक कुठल्या शब्दात मागतं हे त्याला माहीत असतं. आपल्याला ऑनलाइन एवढंच करायचं आहे.

आपल्या लोकांपर्यंत आपलं लेखन पोहोचू नये याची तजवीज जुनीच आहे. १९२० मध्ये 'मूकनायक' निघालं तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. आज जाहिरात नाकारणारा संपादक नाही. आज आपलं पान विसाव्या क्रमांकावर दिसतं आणि पहिल्या दहांत 'मोठी बातमी! लगेच बघा!' असं ओरडणारी संकेतस्थळं असतात. तिथे योजना कुठलीही असो, फोटो तोच, तारीख लपवलेली आणि अर्जाच्या नावाखाली आणखी तीन जाहिराती. ती वर येतात कारण विद्यार्थी जे शब्द टाइप करतात, ते शब्द ती संकेतस्थळं मथळ्यात लिहितात. त्यांचा उद्देश वाईट असला तरी एवढी गोष्ट त्यांना कळली आहे. गंमत म्हणजे बाबासाहेबांनाही कळली होती. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता': नाव ऐकताच हे कुणाचं आणि कुणासाठी ते समजतं.

यावर माझ्या एका सहकाऱ्याचा आक्षेप आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. तो म्हणतो, आपल्या भाषेवर आधीच लोक हसले. ती धारदार करून आपण साहित्यात जागा मिळवली. आता तू म्हणतेस मथळे सरकारी नोटिशीसारखे द्या. नाही, कवितेचा मथळा कवितेचाच राहू दे. वैचारिक लेखालाही त्याचं नाव असू दे. पण अर्ज, तारीख, रक्कम, कागद यांबद्दलचा मजकूर असेल तर तिथे आपली प्रतिभा दाखवायची नाही. संताप खाली लिहू. आधी गाव नमुना १४.

पाठवण्याबद्दल एक अवघड गोष्ट आहे. आम्ही गृहीत धरतो की मजकूर आवडला की मुलं तो पुढे पाठवतील. पाठवत नाहीत. बऱ्याच जणी जपून ठेवतात, स्क्रीनशॉट काढतात, एकेकीला खासगीत देतात, पण वर्गाच्या ग्रुपवर टाकत नाहीत. का, ते विचारल्यावर एकीने सांगितलं, 'ताई, ते टाकलं की मी कोण ते कळतं.' वसतिगृहात, प्रयोगशाळेत, मेडिकलच्या बॅचमध्ये आडनाव लपवून राहणाऱ्या मुलांसाठी 'शेअर' करणं म्हणजे जात सांगणं आहे. आमच्या प्रत्येक दुव्याबरोबर एक चित्र आपोआप दिसतं: निळा रंग, बाबासाहेब, आमचं नाव ठळक अक्षरांत. आम्हाला त्याचा अभिमान आहे आणि तो राहील. पण ६०,००० रुपयांच्या योजनेची माहिती त्या मुलीच्या वर्गातल्या आणखी चौघांना लागणारी असते, आणि ते चौघेही तिच्यासारखेच गप्प बसलेले असतात. त्या चित्रामुळे माहिती पाचपैकी एकीकडेच राहते.

यावर मी अजून स्वतःशी भांडते आहे. बाबासाहेबांचा फोटो काढून टाकायचा, हे मनाला पटत नाही. भीतीपुढे नमतं घेतल्यासारखं वाटतं. पण धीट होण्याची वेळ त्या मुलीने ठरवायची, आम्ही संपादकांनी खोलीत बसून नव्हे. सध्या असं ठरलंय: अर्ज-योजनांच्या पानांना दुव्याबरोबर साधं चित्र, त्यावर योजनेचं नाव आणि तारीख. त्याच पानावर सहा-सात ओळींचा मजकूर, जो तसाच्या तसा कॉपी करून आपल्या शब्दांत पाठवता येईल. आमचं नाव नसलं तरी चालेल, मूळ जीआरचा सांकेतांक मात्र राहू द्यावा. आणि एका पानात बसणारी प्रत, झेरॉक्सच्या दुकानात दोन-पाच रुपयांत निघेल अशी, कारण मुलीपेक्षा आईला ती जास्त लागते.

बाकीचंही बदलतो आहोत. मथळ्यात योजनेचं पूर्ण नाव आणि मुलं म्हणतात तेही नाव. पहिल्या चार ओळींत कुणाला मिळतं, किती मिळतं, अर्ज कुठे, कधीपर्यंत, वर्षासकट. पानाच्या वरच, खाली नाही, शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख. योजना बदलली की पान पुसायचं नाही आणि त्याचा पत्ताही बदलायचा नाही, कारण तो पत्ता कुणाच्या तरी वहीत लिहिलेला असतो. त्याच पानावर 'ही माहिती जुनी आहे' असं लिहून नवी खाली जोडायची. फोटो टाकलाच तर त्यातला मजकूर शेजारी टाइप केलेला. व्याख्यान असेल तर कितव्या मिनिटाला काय, याची नोंद. 'कागदांच्या चक्रव्यूहात' आता 'कास्ट व्हॅलिडिटी म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र: आजोबांचा दाखला नसेल तर काय करायचं' असा दिसेल. मूळ मथळा आत उपशीर्षक म्हणून ठेवलाय. तेवढी हौस माझी.

या कामात तुम्ही, म्हणजे ज्यांचं शिक्षण नुकतंच संपलंय किंवा संपत आलंय ते, आमच्यापेक्षा उपयोगाचे आहात. तुम्ही नुकतेच या सगळ्यातून गेलात. कुठल्या अर्जात कुठे अडकलात ते अजून आठवतंय. पाच वर्षांनी विसराल, मी विसरले. तुमच्या मोबाईलमध्ये जुने जीआर, भरलेले अर्ज, नाकारलेल्या अर्जांवरचे शेरे पडून असतील. स्वतःचं नाव, आधार क्रमांक, बँकेचा तपशील खोडा आणि बाकीचं जपा. ग्रुपवर काही पाठवताना वर तारीख आणि कुठून घेतलं ते दोन शब्दांत लिहा. दहा सेकंद लागतात. कापलेला फोटो आला तर पुढे ढकलण्याआधी 'मूळ कुठेय?' एवढं विचारा. वाईट दिसत नाही.

आणि आम्हाला एक गोष्ट पाठवा. शिष्यवृत्ती, वसतिगृह, व्हॅलिडिटी, फेलोशिप, बाबासाहेबांचं एखादं पुस्तक, जे काही शोधत होतात, तेव्हा मोबाईलच्या त्या रकान्यात तुम्ही नेमकं काय टाइप केलं होतं? नंतर कळलेला बरोबर शब्द नको, पहिल्यांदा टाकलेला हवा. मराठीत, रोमनमध्ये, अर्धं हिंदीत, कसंही. आमची पानं त्या शब्दांवरून नव्याने लिहायची आहेत. स्पेलिंग चुकलेलं असेल तर तसंच पाठवा.